सप्लायभाऊंनी जुळवलेले मशीन

नवीन संगणक घ्यायला आलेला माणूस प्रोसेसरचे नाव घेऊन बोलू लागला की सप्लायभाऊ त्याला हातानेच थांबवत. "वरचा मजला नंतर. आधी पाया सांगा." पाया म्हणजे पॉवर सप्लाय, वीज आत घेऊन प्रत्येक भागाला वाटणारा डबा. गिऱ्हाइकाच्या यादीत तो सर्वांत शेवटी असे आणि सर्वांत हलका असे. भाऊ यादी खालून वर वाचत. कर्जतच्या बाजारात त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारे मला तरी कोणी भेटले नाही.

भाऊ आधी वायरमन होते. आमच्या वृत्तपत्राच्या तालुका कचेरीतला संगणक तेच सांभाळत, तेव्हापासूनची ओळख. दुकान एका शटरचे. तिथे जाऊन लगेच मशीन मिळत नसे. आधी एक कागद भरून द्यावा लागे: आठवड्याच्या कोणत्या दिवशी, किती तास, काय करणार. घाई करणाऱ्याला ते म्हणत, "डाक्टर पण आधी इचारतो, मग लिवतो."

माझी भाची मृणाल खोपोलीला शिळफाट्याजवळ राहते. घरांच्या आतल्या मांडणीची चित्रे संगणकावर तयार करण्याचे शिक्षण तिने घेतले आहे. पुण्याच्या एका कंपनीने घरून काम देण्याआधी तिच्याकडे नमुना मागितला: एका बैठकीच्या खोलीची सहा चित्रे, महिनाभरात. तिच्या जुन्या लॅपटॉपवर एक चित्रही पुरे होत नव्हते. हे काम हुकले असते तर तिला पुण्यात खोली घेऊन राहावे लागले असते, आणि घरी आई एकटी. मी तिला भाऊंकडे नेले.

मृणालने कागदात सगळीकडे 'डिझाइन' लिहिले होते. भाऊंनी चष्मा वर केला.

"रविवारी सात तास डिझाइन?"

"हो काका."

"मधी जेवायला उठतेस का गं?"

मृणाल माझ्याकडे बघू लागली. भाऊंनी कागद तिच्यापुढे सरकवला. "डिझाइनला ग्राफिक्स कार्डात जागा लागते, गेमला कार्डाला वेग लागतो. खोटं लिवलंस तर कार्ड चुकीचं येईल. नुकसान तुझं, माझं नाय."

तिने सातावर काट मारली आणि तीन तास डिझाइन, चार तास गेम असे लिहिले. "आईला सांगू नका."

"गिऱ्हाइकाचा कागद मी कुनाला दावत नाय," भाऊ म्हणाले आणि तो माझ्यासमोर मोठ्याने वाचू लागले.

मग यादीची कापाकापी झाली. काचेचे, आत रंगीत दिवे लुकलुकणारे कॅबिनेट पहिल्या झटक्यात गेले. "दिवे गणपतीला लाव." त्याऐवजी रॅम दुप्पट झाली. ग्राफिक्स कार्ड मृणालने मनात धरलेल्यापेक्षा एक पायरी खाली आले, पण त्यातली मेमरी वाढली. पॉवर सप्लाय मात्र असा निघाला की मृणाल म्हणाली, "काका, यावर आमची अख्खी चाळ चालेल." भाऊंना ते कौतुक वाटले.

मॉनिटरचा रंग खरा की खोटा हे ठरवण्याची त्यांची रीत वेगळी होती. घरातले एखादे ओळखीचे कापड आणायचे, त्याचा फोटो काढायचा आणि फोटो पडद्यावर लावून कापड शेजारी धरायचे. मृणालने आईची डाळिंबी साडी आणली. तीन मॉनिटरांवर ती विटकरी दिसली. चौथ्यावर डाळिंबी दिसली, तो घेतला. साडी परत घडी करताना भाऊंनी काठ दुमडला नाही, याची नोंद माझ्या बहिणीने नंतर घेतली.

मशीन बसवून झाल्यावर भाऊंनी त्याच्या हवेच्या प्रत्येक झरोक्यावर आतून डासांची जाळी लावली. हे ते वर्षानुवर्षे करत. "आपल्याकडं पाल आत शिरते, सप्लायला चिकटते, मग दोघंबी जातात." कचेऱ्यांतल्या साध्या संगणकांना त्या जाळीने वाचवलेही होते. इथे ग्राफिक्स कार्ड मोठे होते. त्याची गरम हवा जाळीत अडकली. नमुना पाठवायच्या आदल्या दिवशी मशीन चित्र अर्धवट टाकून तीनदा बंद पडले.

मृणालने फोन केला. शनिवारी सकाळच्या गाडीने भाऊ खोपोलीला आले. त्यांच्याबरोबर मीही होतो. मुदत संध्याकाळी सातची. भाऊंनी चालू मशीनच्या पाठीवर हात ठेवला आणि जाळी पाहिली.

"मशीन चांगलं हाय," ते म्हणाले. "मानूस जुना झाला."

त्यांनी सगळ्या जाळ्या ओढून काढल्या, कॅबिनेटचे एका बाजूचे झाकण उतरवले आणि मृणालला काम सुरू करायला सांगितले. मग माझ्या बहिणीकडे स्टूल मागून ते उघड्या मशीनसमोर बसले. "ताई, एक झाडू द्या."

"भाऊ, आमच्याकडे पाली नाहीत."

"समदे असंच सांगतात."

पावणेचारला सहा चित्रे झाली. झाडू मांडीवरच होता. पाल आली नव्हती. मृणालने चित्रे दाखवली: सोफा, झुंबर, खिडकीतून येणारे ऊन. भाऊंनी ती एकेक करून पाहिली.

"झुंबर छान हाय. बटन कुठंय त्याचं?"

मृणालने सहाही चित्रे पुन्हा पाहिली. खोलीत एकही स्विचबोर्ड नव्हता. जिथे तो यायला हवा होता ती भिंत दोन चित्रांत दिसत होती. ती दोन पुन्हा करायला घेतली. भाऊ परत स्टुलावर बसले. सातला वीस मिनिटे असताना नमुना गेला.

पुढचा महिनाभर भाऊ कर्जत-नेरळमध्ये घरोघर जाऊन मोठ्या कार्डांच्या मशीनवरच्या स्वतःच्या जाळ्या काढत होते. कोणी तक्रार केलेली नव्हती. शेवटची जाळी निघाल्यावर त्यांनी दुकान बंद केले आणि ते गावी राहायला गेले. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "नवं शिकायचं तर पायापासून शिकावं लागंल. तेवढा टायम नाय."

मृणालची निवड झाली. तिने त्यांना गावी फोन लावला आणि मला ऐकू यावे म्हणून स्पीकरवर ठेवला.

"मला ठाव होतं," भाऊ म्हणाले. मग स्वतःचेच बोलणे खोडत म्हणाले, "नाय गं पोरी. ठाव नव्हतं. त्या दिवशी मी लय भ्यालो होतो."

मृणाल काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला.