वहिनीचं वजन आणि माझी मोहीम

महाडात आमच्या गल्लीत मी पत्रकवाला म्हणून ठाऊक. नळाला पाणी नाही, काढ पत्रक. दवाखान्यात औषध नाही, काढ पत्रक. त्यामुळे डॉक्टरांनी वहिनीला सांगितलं, "वजन उतरवा, नाहीतर हे गुडघे डोंगर चढायचे नाहीत," तेव्हा मी घरी येऊन आधी कागद घेतला.

डोंगर म्हणजे कुडपण, तिचं माहेर. पोलादपूरहून गाडी जेवढी नेईल तेवढी, मग पायी चढण. आई थकलेली, खाली उतरणं तिला जमत नव्हतं. दोन वर्षं मायलेकींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. दादा मुंबईत गिरणीत, म्हणून मोहीम माझ्या हाती.

भात बंद. दोन्ही वेळेला एकेक भाकरी. रोज सकाळी सावित्री नदीच्या पुलापर्यंत चालणं. खाली ठळक अक्षरात 'निर्धार हाच उपाय!' कागद चुलीजवळच्या भिंतीला डकवला.

पहिल्याच सकाळी वहिनी अर्ध्या वाटेवरून परत आली. "भावजी, जो तो इचारतो, कुठं चाललीस गो? नुसतीच चाललेय म्हटलं तर हसतात. बाईमाणूस कामाशिवाय चालतं काय?" दुसऱ्या दिवसापासून तिनं कमरेवर रिकामी कळशी घेतली. मग कुणी विचारलं नाही. येताना ती नळावर भरून आणायची, फेरी फुकट जायला नको म्हणून.

महिन्या-महिन्यानं आम्ही भाताच्या गिरणीतल्या काट्यावर वजन करायचो. गिरणीवाला म्हणायचा, "वहिनी, कोंडा धरून की काढून?" तीन महिन्यांत सहा किलो गेले. मी सभा जिंकल्यासारखा घरी आलो. शेजारीण मात्र हळूच विचारून गेली, "आजारी हाय काय ती?"

पुढे काटा हलेना. चालणं तेवढंच, भाकरी तेवढीच. वहिनीला थंडी वाजू लागली, चिडचिड वाढली. एका दुपारी मी ती स्वयंपाक करायची त्या वसतिगृहात गेलो. पोरांच्या पंगती उठल्या होत्या आणि वहिनी पातेल्याशी उभी राहून खरवडीचा भात खात होती.

मी सुनावलं. निर्धार नाही, आईची ओढ नाही, असलं काहीबाही. हे सगळं मी घरून दोन वेळा भात वाढून घेऊन, जेवून आल्यावर.

तिनं पातेलं खाली ठेवलं. "साठ पोरांचा भात रोज माझ्या हातानं शिजतो. वास नाकात, पोटात आग. रातीला सपनात पन भातच. पोट काय तुमच्या सभेला बसलंय, ठराव केलात की गप ऱ्हाईल?"

दिवाळीपर्यंत सहाचे सहा किलो परत आले, वर एक.

मी तावातावानं डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "अहो, खाणं तोडलं की शरीर दुष्काळ पडला असं धरून चालतं. खर्च आवरतं, भूक वाढवतं. उतरलेलं बहुतेकांचं परत चढतं. टिकवणारे थोडे."

"मग तिला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ती चालली असती?" मग म्हणाले, "चालणं सोडू नका. वजन राहू दे. मांड्यांत ताकद आली की गुडघ्याला आधार होतो."

म्हणजे हे महिने तिनं स्वतःला नालायक समजावं, एवढंच माझ्या कागदानं केलं होतं. घरी येऊन तो फाडला. ती म्हणाली, "चूल पेटवायला ठेवा." कळशी मात्र तिनं सोडली नाही.

माघात आम्ही निघालो. पिशव्या माझ्याकडे, तिच्या हातात काठी. दर वळणावर ती बसायची, मी पाणी द्यायचो. लोक दोन तासांत चढतात, आम्हाला पाच लागले. गुडघे दुखले, पण चढले.

आई ओट्यावरच होती. लेकीचे दंड दोन्ही हातांनी चाचपत म्हणाली, "किती वाळलीस गो!" आणि लगेच आत हाक गेली, भात टाका.

वहिनी घामाघूम, पाय पसरून बसलेली. हसता हसता तिला ठसका लागला.

"भावजी," ती म्हणाली, "आता काढा पत्रक."