मोहाच्या दिवसांतले सामने

वरठीला मी सायकलच्या कॅरिअरवर बसून आले. पुढे दांड्याला गोणपाटात बांधलेली भांडी, मागे मी, माझ्या मांडीवर पत्र्याची पेटी. नवऱ्याला कारखान्यात काम लागलं होतं. आमचं गाव मोहाडीच्या पुढे, जंगलाला लागून. तिथून वरठी सहा-सात कोस. माझी माय नाल्यापर्यंत पायी सोबत आली. रडली नाही. मीही रडले नाही. पाणी ओलांडायच्या आधी ती एवढंच म्हणाली, "पोरी, वरठीले जा नाहीतं दिल्लीले जा. चैतात येजो. झाड आपलं हाये, ध्यानात ठेव."

झाड म्हणजे मोहाचं. आम्हाला शेती नव्हती, भाऊ नव्हता, बाप मी लहान असताना गेला. एक झाड होतं. आमच्याकडे मोहाची झाडं घराघराने वाटलेली असतात. कागद कुठेच नाही. होळी झाली की आपल्या झाडाचं बुड झाडायचं, पाला जाळायचा आणि फुलं पडू लागली की रोज सकाळी वेचायची. तीन दिवस फुलं तशीच पडून राहिली तर कोणीही वेचावीत, आणि ज्याने वेचली त्याचं झाड. पुढेही त्याचंच. भांडायला जागा नाही.

दुसऱ्या वर्षी माय गेली. घर काकाच्या मुलांनी घेतलं. गावात माझं म्हणायला ते झाड राहिलं.

वरठीत पहिलं वर्ष मला काही आवडलं नाही. कारखान्याचा भोंगा, खोलीला खोली लागून, पाण्याला रांग. गावाकडच्या लोकांना वाटायचं, आम्ही सुखात आहोत. आम्हाला वाटायचं, ते सुखात आहेत. दोघांचंही चुकत होतं.

माझा नवरा इस्तारी पाळी संपली की वस्तीजवळच्या ग्राउंडवर फुटबॉल खेळायचा. वस्तीतल्या कामगारांचा संघ होता. हा गोलात उभा राहायचा. उंच होता म्हणून उभा केला, बाकी काही कारण नव्हतं. त्याची पाळी असली की सायकल घरी असायची. मी ती त्याच ग्राउंडवर शिकले. दांड्याची सायकल आणि नेसलेलं लुगडं. पहिल्याच आठवड्यात गोलच्या खांबावर जाऊन आदळले. इस्तारी म्हणाला, "का वो, एवढा मोठ्ठा खांब दिसला नाही तुले?" मी म्हटलं, "तुमाले तं बॉल बी दिसत नाही."

सायकल शिकले ती झाडासाठी. दरवर्षी होळीनंतर मी एकटी गावाला जायची, काकाच्या सुनेकडे, देवकाबाईकडे राहायची, फुलं वेचायची आणि वाळवून पोतं कॅरिअरला बांधून परत यायची. लोक त्या दिवसांतल्या पळसाचं फार कौतुक करतात. पळस फुललेला असायचाच. मला आठवतो तो समोरून येणारा गरम वारा आणि मोहाडीच्या आधी घसरलेली चेन. परत येताना अंगाला मोहाचा वास असायचा. वरठीतल्या बाया नाक मुरडायच्या आणि मग हळूच पसाभर फुलं मागायच्या.

आता संघाचं सांगते. संघ वाईट नव्हता. पावसाळ्यानंतर चांगला खेळायचा. पण जिल्ह्याचे सामने असायचे चैतात. तेव्हा ग्राउंड वाळलेलं असतं, शाळा-कॉलेजच्या परीक्षा संपत आलेल्या असतात, म्हणून भंडाऱ्याच्या लोकांनी ते दिवस धरले. त्यांच्या घरी कोणी मोह वेचत नाही, त्यांना कसं कळणार? आमच्या संघातले निम्मे लोक जंगलाकडच्या गावांतले. होळी झाली की एकेक जण रजा टाकून झाडाखाली. मग उरलेल्यांनी मार खायचा. दरवर्षी हेच. पुढच्या वर्षी नवीन चड्ड्या, नवीन उमेद, आणि चैतात पुन्हा तेच.

एका वर्षी तर फारच झालं. सातजण असल्याशिवाय सामना होत नाही. आमचे पाचच उरले. आधी एकदा असंच झालं होतं. पुन्हा झालं तर संघाचं नाव कापू, असं भंडाऱ्याहून कळवलं होतं. पाच दिवसांत तीन सामने. नत्थू आणि रामदास हे दोघे माझ्याच गावचे आणि दोघेही आठवड्यापासून गावी. माझं झाड उशिरा फुलायचं, म्हणून मी मागे होते. मी निघायला सायकल काढली तेव्हा इस्तारी जवळ आला. तो कधी काही मागायचा नाही. म्हणाला, "त्या दोघांयले पाठव. कसंही कर. संघ गेला तं मी वरठीत फक्त लोखंड उचलाले राहीन."

हे मला कळलं. मला झाड होतं, त्याला हे होतं.

सकाळी नत्थू नाल्याच्या पलीकडे त्याच्या झाडाखाली वाकलेला होता. रामदासचं झाड त्याच्या जवळच. दोघांच्याही घरी त्या वर्षी वेचायला कोणी नव्हतं. नत्थूची बायको बाळंत झालेली, रामदासची आई आजारी. मी सांगितलं तसा नत्थू कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "वैनी, खेळाले कोण नाही म्हणते? पण झाड सोडून कसा येऊ? उद्या दुसरा बसंल वेचत."

"मी वेचते तुमचं. दोघांचंही."

"अन् तुमचं?"

"माझं मी पाहीन."

रामदास म्हणाला, "वैनी, तिकडं जाऊन हारनंच हाये. हाराले झाड कायले टाकता?" मी त्याला म्हटलं, "तू सायकलवर बस. हारनं तिथं जाऊन कर." त्यांना मी माझीच सायकल दिली. एक चालवायला, एक कॅरिअरवर. तसेच गेले.

मला खरंच वाटलं होतं की तीन झाडं होतील. पण मोह पहाटेपासून पडतो, आणि ऊन चढलं की गुरं आणि चितळं खाऊन जातात. पलीकडची दोन झाडं वेचेपर्यंत दहा वाजायचे. टोपल्या घेऊन नाला ओलांडून माझ्या झाडाशी यायची तेव्हा खाली तुडवलेल्या फुलांचा चिखल. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या आधी आपलं वेचू. पण शब्द दिला होता, आणि ते दोघे तिकडे होते. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. तिसऱ्या दिवशी कळून चुकलं होतं.

चौथ्या दिवशी माझ्या झाडाचं बुड झाडलेलं होतं आणि देवकाबाई वेचत होती. मला पाहून थांबली नाही.

"तीन दिवस फुलं पडून होती, बाई. मले वाटलं, तू आता शहरवाली झाली."

"वरठी काही शहर नाही वो."

"मंग काय हाये?"

 मी तिच्या जागी असते तर मीही वेचलं असतं. सहाव्या दिवशी सायकल परत आली. दोघांची फुलं दोघांच्या घरी टाकली आणि रिकाम्या कॅरिअरने वरठीला आले.

इस्तारी दारात बसला होता. तीन सामने, तीनही हरले होते. मी विचारलं, "एक तरी गोल झाला का?" म्हणाला, "एक खांबाले लागला." पण सातजण उभे राहिले, नाव कापलं गेलं नाही. मग मी झाडाचं सांगितलं.  तो म्हणाला, "पुढच्या वर्षी जिंकू." मला त्याचा राग आला. तो राग पुष्कळ वर्षं टिकला.

तेव्हापासून मी सामने पाहायला जाते. खेळ मला आवडतो असं नाही. ज्याच्यासाठी झाड गेलं ते काय आहे ते पाहावं म्हणून जाते. इस्तारी जाऊन आता काही वर्षं झाली, तरी जाते. गावाला गेले तर पाहुणी म्हणून जाते, चहा पिते, झाडाकडे जात नाही.

आता पोरांकडे मोटारसायकली आहेत. सकाळी गावी जाऊन मोह वेचतात आणि दुपारच्या सामन्याला वरठीत हजर. अकराचे अकरा असतात. म्हणजे आता हरायला काही कारण उरलं नाही. तरी हरतात. या चैतात पाच सामने झाले, चार हरले, एक बरोबरीत सुटला तो समोरच्यांनी स्वतःच्याच गोलात बॉल मारला म्हणून.

मी अजून सायकल चालवते. मोहाडीपर्यंत होत नाही, ग्राउंडपर्यंत होतं. तिथे कडुनिंबाखाली माझी बसायची जागा आहे. बसायच्या आधी मी ती खराट्याने झाडते, कारण लोक खर्रा खाऊन थुंकतात. मुलगी पुण्याला असते. दर आठवड्याला फोनवर विचारते, "आई, तिकडे कोण आहे तुझं? ये ना इकडे." मी म्हणते, चैत संपू दे. दरवर्षी हेच म्हणते.

मागच्या आठवड्यात ताप आला. तीन दिवस ग्राउंडवर गेले नाही. चौथ्या दिवशी गेले तर कडुनिंबाखाली सगळं झाडून ठेवलेलं. मला वाटलं, ही जागाही गेली, खोटं कशाला सांगू? नत्थूचा मुलगा खराटा घेऊन उभा होता. तोच आता संघाचा कप्तान, दोन लेकरांचा बाप. म्हणाला, "काकू, काहून नाही आल्या? जागा झाडून ठेवली तुमची."

मी म्हटलं, "तू नको झाडू. ज्यानं झाडलं त्याची होते."

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी गंमत करते. मी त्याच्या हातातला खराटा घेतला आणि झाडलेली जागा पुन्हा एकदा झाडली. मग बसले. सामना सुरू झाला.

दोन-शून्यने हरलो.