ग्लेनिसने दिलेलं खत

मिल लेनमध्ये एप्रिल उजाडला की माणसाची तब्येत कुणी विचारत नाही, मटारची विचारतात. "आले का वर?" एवढाच प्रश्न कुंपणावरून येतो. ज्याचे आले नसतील तो गार वाऱ्याला शिव्या देतो, ज्याचे आले असतील तो उगाच नम्रपणा दाखवतो. सोळा घरं आणि सोळा परसबागा असलेल्या या गल्लीत बागेबद्दल शेवटचा शब्द ग्लेनिस ट्रँटरचा असायचा. ग्लेनिस म्हणाली बटाटे लावायला लवकर आहे, की लोक बटाटे परत पोत्यात ठेवत.

तिची एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात गेली होती. रोज दोनशे पोरांना जेवू घालणाऱ्या बाईला हुकूम सोडायची सवय लागते, आणि निवृत्त झाल्यावर ती सवय कुठे जाणार? नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मग गावच्या बागकाम मंडळाची ती चिटणीस झाली आणि सगळ्या गावाला तिने शिस्त लावली. मनाने वाईट नव्हती. कुणी आजारी पडलं तर त्याच्या रोपांना पाणी घालायला आधी हीच जायची. पण दुसऱ्याची चूक तिला लांबून दिसायची, आणि दिसली की पोटात राहायची नाही.

दर फेब्रुवारीत मंडळाच्या सभेत तिचं एक ठरलेलं भाषण असे. विषय घोड्याची लीद. कुरणावर शेतकरी तणनाशक मारतात, गवताला काही होत नाही, घोड्यालाही काही होत नाही, पण ते विष लिदेतून जसंच्या तसं खाली पडतं आणि वर्षभर कुजवलं तरी मरत नाही. तेच खत मटारला घातलं की मटार गेला. "म्हणून चार कुंड्या भरा," ग्लेनिस बोटांवर मोजून सांगायची. "दोन खताच्या, दोन साध्या मातीच्या. प्रत्येकीत तीन वाटाणे. तीन आठवडे थांबा. पानं सरळ आली तर खत वाफ्यात घाला. मूठ वळल्यासारखी आली तर हात लावू नका." दोन वर्षांपूर्वी क्लाइव्ह नावाच्या निवृत्त पोस्टमनने हे ऐकलं नाही आणि त्याच्या टोमॅटोंचं वाटोळं झालं. भरल्या सभेत ग्लेनिस त्याला म्हणाली होती, "काय रे क्लाइव्ह, तीन आठवड्यांनी काय तुझी गाडी चुकणार होती?" सगळे हसले. क्लाइव्ह कानापर्यंत लाल झाला.

या वर्षी मार्च कधी नव्हे इतका उबदार निघाला. चर्चपलीकडच्या तबेल्यातल्या मुलीने जुना ढीग उघडून दाखवला. खत काळंभोर आणि केकच्या चुऱ्यासारखं मोकळं होतं. "फवारणी? आम्ही नाही करत कसली," मुलगी म्हणाली, आणि ते खरंच होतं. हिवाळ्यातला वाळला चारा मात्र बाहेरून विकत आला होता. ते तिने सांगितलं नाही आणि ग्लेनिसने विचारलं नाही. कुंड्या भरायच्या तर तीन आठवडे जाणार, तोवर पेरणीचे हे सोन्यासारखे दिवस हातचे जाणार. इतकं सुंदर खत वाईट कसं असेल? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशातली गत. तिने खत उचललं.

स्वतःच्या बटाट्यांपुरतं ठेवून दोन ढकलगाड्या भरून तिने शेजारच्या अल्विन पार्फिटला दिल्या. अल्विन चौऱ्याऐंशी वर्षांचा, जन्मभर रेल्वेत सिग्नल पाडलेला. त्याचा मटार डोक्याच्याही वर जाणारा, जुन्या जातीचा. दुकानात त्याचं बी मिळत नाही. दर वर्षी शेवटच्या शेंगा वेलावर वाळवून तो बी घरीच धरायचा. गेल्या शरद ऋतूत जिन्यावरून पडला, खुबा दुखावला, आणि ओझं उचलणं बंद झालं. कुंपणाच्या खिंडीतून गाडी आत येताना तो काठी टेकून उभा होता.

"तपासलंस ना गं, पोरी?"

"मी न तपासता देईन का?" ग्लेनिस म्हणाली.

ते वाक्य तोंडातून इतकं सहज निघालं, की आपण खोटं बोललो हे तिला गाडी रिकामी झाल्यावर कळलं. तरी ती परत फिरली नाही.

एप्रिलभर सगळं छान चाललं. मटार उगवला, वीतभर झाला, अल्विनने त्याला चढायला झाडाच्या काटक्या रोवल्या. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याने कुंपणावरून हाक मारली. "ग्लेनिस, जरा ये बघू. हे काय झालंय?"

शेंडे वळून आत आखडले होते. कोवळी पानं मुठी वळल्यासारखी मिटलेली. तिला एका नजरेत कळलं.

"गार वारा लागला असेल," ती म्हणाली. "थांबा थोडे दिवस."

घरी येऊन तिने आपले बटाटे पाहिले. त्यांचीही पानं तशीच आखडत चालली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता, अल्विनचे पडदे उघडायच्या आत, तिने बटाट्यांचं सगळं पीक उपटलं आणि झाकणाच्या कचरापेटीत तळाशी कोंबलं. मग चार कुंड्या भरल्या, प्रत्येकीत तीन वाटाणे टोचले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या. मार्चमध्ये करायचं काम तिने मेच्या सहा तारखेला केलं. खरं तर त्या कुंड्यांची आता काही गरज नव्हती. अल्विनचा सगळा वाफाच तिची परीक्षा झाला होता. पण अजून वीस दिवस "नक्की माहीत नाही" असं मनाशी म्हणायला त्या बऱ्या होत्या.

"तुझे बटाटे कुठे गेले?" अल्विनने त्याच दिवशी विचारलं.

"गोठवणारं दंव पडलं, करपले."

"आमच्या बाजूला नाही पडलं ते?" तो म्हणाला. ग्लेनिस खोटं बोलेल हे त्याच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं. त्यापेक्षा आपल्यालाच दंव दिसलं नसेल, हे त्याला पटलं.

तिथून सगळं बिघडत गेलं. अल्विनच्या खोपटात एका फळीवर दोन बाटल्या शेजारीशेजारी असत, एक रोपांच्या टॉनिकची, एक तणनाशकाची. आठवड्याभराने तो हळू आवाजात म्हणाला, "माझीच बाटली चुकली असणार. आठवत काहीच नाही, म्हणजे तसंच झालं असेल. मागच्या महिन्यात किटली कोरडी जाळली, ती आठवते का मला? मेरिएल भेटायला आली होती, तिला जळका वास आला." मेरिएल त्याची मुलगी, बर्मिंगहॅमला असते. बाबांनी म्हाताऱ्यांच्या निवासात यावं म्हणून ती वर्षभर मागे लागली होती, आणि वर्षभर तो तिला मटार दाखवून उडवून लावत होता.

"असं काही नाही हो," ग्लेनिस म्हणाली. एवढंच म्हणाली. आणि संध्याकाळी रुबार्बच्या आंबट देठांचा गोड पदार्थ करून त्याच्याकडे घेऊन गेली. त्या आठवड्यात तीनदा नेला.

"इतके लाड का चाललेत?" अल्विन हसून म्हणाला. "मरायला टेकलोय की काय मी?"

रोज सकाळी ती ठरवायची की आज सांगून टाकायचं, आणि कुंपणापाशी गेली की तिला भरलेली सभा दिसायची, हसणारी तोंडं दिसायची, क्लाइव्हचे लाल कान दिसायचे. चोराच्या मनात चांदणं. एकदा क्लाइव्हने फाटकावरून नेहमीसारखं "आले का वर?" विचारलं, तर ती न ऐकल्यासारखी झारी घेऊन घरात शिरली. खिडकीतल्या दोन कुंड्यांत वाटाणे सरळ उभे राहिले. खताच्या दोन कुंड्यांत ते आखडूनच उगवले. तरीही त्या कुंड्या खिडकीतच राहिल्या.

महिनाअखेरच्या सुट्टीच्या सोमवारी अल्विन स्वतः खिंडीतून तिच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आला. एवढं चालून त्याला धाप लागली होती. हातात पत्र्याचा डबा होता.

"गुरुवारी मेरिएल कागद घेऊन येतेय. जूनपासून खोली मोकळी आहे म्हणे. मी हो म्हटलं." त्याने डबा पुढे केला. "उरलेलं बी तू ठेव. दोन मुठी असेल. माझ्या हातात आता त्याचं काही खरं नाही. तुझ्याकडे ते नीट राहील, तू चुकायची नाहीस."

ग्लेनिसने हात पुढे केला नाही. ती मागे सरकली, खिडकीतल्या चारही कुंड्या एकेक करून उचलल्या आणि टेबलावर त्याच्यासमोर मांडल्या.

अल्विन खुर्चीत बसला. साठ वर्षं मटार लावणाऱ्याला समजावून सांगावं लागलं नाही. दोन सरळ, दोन आखडलेल्या. त्याने एका वळलेल्या पानाखाली बोट घालून ते उलगडून पाहिलं.

"कधी लावलेस?"

"सहा तारखेला."

"म्हणजे बाटली माझी नाही चुकली."

"नाही."

"डोकं जाग्यावर आहे माझं." त्याने तळहाताने डोळे पुसले, आणि हसला. त्या हसण्याने ग्लेनिसला जेवढी लाज वाटली, तेवढी शिव्या खाऊनही वाटली नसती. मग त्याचं हसू हळूहळू गेलं.

"खताचं जाऊ दे. घोड्याच्या पोटात काय आहे ते कुणाला दिसतं? पण वीस दिवस तू कुंपणावरून माझ्याकडे बघत होतीस. कुणाला भ्यायलीस एवढी? क्लाइव्हला?"

"हो."

"क्लाइव्ह हसेल म्हणून मी घर सोडायचं."

त्याने भिंतीवरच्या फोनकडे काठी दाखवली. "मेरिएलला लाव."

तिने लावला आणि सांगितलं. पलीकडे मेरिएलचा आवाज मऊ झाला. "ग्लेनिसमावशी, बाबांनीच सांगितलं ना तुम्हाला असं बोलायला? तुम्ही, आणि न तपासता खत द्याल? तुम्ही त्यांना पाठीशी घालताय, कळतं मला. पण त्याने त्यांचं भलं होणार नाही."

इतकी वर्षं कमावलेला नावलौकिक असा आडवा आला. ग्लेनिसने फोन घट्ट धरला.

"ऐक मेरिएल. मी तपासलं नाही. त्यांनी विचारलं, तेव्हा तपासलं म्हणून सांगितलं. माझे बटाटे मेले, ते त्यांना दिसू नयेत म्हणून पहाटे उपटून टाकले. दंव पडलं असं मीच म्हणाले. ते स्वतःला दोष देत राहिले आणि मी त्यांना गोड खायला घालत राहिले. तुझ्या बाबांचं काही चुकलेलं नाही. हवं तर मी मंडळाच्या सभेत उभं राहून सांगते, तू येऊन ऐक."

मग मेरिएल एवढंच म्हणाली, "गुरुवारी मी येते, पण कागद आणत नाही," आणि तिने फोन ठेवला.

ग्लेनिसने वळून पाहिलं. आता तो काहीतरी बोलेल, निदान मान तरी हलवेल, असं तिला वाटलं. अल्विनने टेबलावरच्या कुंड्या हाताने बाजूला सरकवल्या.

"तिला सांगितलंस," तो म्हणाला. "मला कुठे सांगितलंस? माझ्यापुढे नुसत्या कुंड्या ठेवल्यास."

ग्लेनिस समोरच्या खुर्चीत बसली. जन्मात कधी न उच्चारलेलं वाक्य होतं, ते तोंडात जुळवायलाही वेळ लागला.

"अल्विन, माझं चुकलं. मी तुम्हाला फसवलं."

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग काठीवर जोर देऊन उठला आणि बियांचा डबा काखेत घेतला. ती आधार द्यायला पुढे झाली, तर त्याने मानेनेच नको म्हटलं, आणि एकेक पाऊल टाकत तो खिंडीतून आपल्या घरी गेला.