कोल्हापुरात शांत रक्त शोधताना

आमच्या लॅबमध्ये सांडलेलं रक्त लगेच पुसतात. किस्से कोण पुसत नाही, त्यामुळं ते साठत गेलेत. चार मित्र जमले की एखादा म्हणतोच, "तुझ्या रक्ताचं सांग की!" मला तर निमित्तच पाहिजे असतं.

आधी माणसं सांगतो. मी टेक्निशियन, सुया टोचणारा. आमचे सर म्हणजे कॉलेजातल्या ह्या लॅबचे प्रमुख. आणि सुजाता कांबळे, शिरोळची पोरगी, सरांच्या हाताखाली पीएचडी करत होती. विषय प्लेटलेट्स! रक्तातले ते बारके तुकडे, कुठं कापलं की धावत जाऊन भोक बुजवतात. पण अंगात कुठं सूज असली की हेच शहाणे पांढऱ्या पेशींना जाऊन चिकटतात, त्यांना भडकवतात, आणि नको तिथं गुठळी होते. आजारी माणसांचं रक्त हवं तेवढं मिळायचं. अडचण निरोगी माणसांची! लॅबमधल्यांचं रक्त अभ्यासाला चालत नव्हतं, बाहेरचीच माणसं हवीत. तुलनेला शांत प्लेटलेट्स पाहिजेत, आणि त्या काही केल्या मिळेनात. फेलोशिप संपत आलेली, पदवी मिळाली तरच नोकरी. पोरीची सगळी मेहनत ह्या शांत रक्तावर अडकलेली.

*

माझा आतेभाऊ सागर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला. त्याला बजावलं, "सकाळी उपाशी ये." पठ्ठ्या वेळेवर आला. रक्त काढलं, मशीनमध्ये फिरवलं, तर वरचं पिवळं पाणी दुधासारखं पांढरं!

"काय खाल्लास रे?"

"काय न्हाय! उपाशी हाय की!"

"आणि रात्री?"

"रात्री गावची जत्रा. मटणाच्या पंगती पहाटेपर्यंत चालल्या. पण दिवस उगवल्यावर पाणीसुद्धा घेतलं न्हाय!"

सुजातानं नळी उजेडात धरली. "दादा, हे रक्त न्हाय, पांढरा रस्सा हाय. भाकरी आण."

*

प्लेटलेट्सना थंडी सोसत नाही. गारठल्या की बिथरतात, मग कामाच्या राहत नाहीत. म्हणून आमच्याकडं त्या नळ्या टेबलावरच. एके दिवशी बघतो तर नळ्या गायब! सुजाता रडकुंडीला आली. सर केबिनमधून ताडकन बाहेर आले.

"काय गोंधळ आहे?"

"सर, नळ्या सापडत नाहीत."

"प्लेटलेट्स फ्रिजमध्ये ठेवायच्या नसतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं! कुणी ठेवल्या?"

फ्रिजचं नाव आम्ही कुणीच काढलं नव्हतं. सगळी लॅब सरांकडं बघायला लागली. सर गुपचूप केबिनमध्ये गेले आणि आपल्या ताकाच्या बाटलीमागून नळ्या काढून घेऊन आले.

"बाहेर खराब होतील वाटलं," म्हणाले.

*

माणूस चिडलेला असला तरी प्लेटलेट्स जाग्या होतात. म्हणून टोचायच्या आधी त्याला निवांत बसवायचं, असा आमचा नियम. सुजाताचे बाबा रक्त द्यायला आले ते ऊस कारखान्यावर टाकून, ट्रॅक्टर घेऊन थेट कॉलेजात! गेटवर वॉचमनशी जुंपली. आत आले ते लालबुंद.

"बाबा, जरा शांत बसा."

"शांतच हाय की मी!" असे गरजले की माझ्या हातातली सुई खाली पडली.

चहा मागवला. चहा पिता पिता त्यांनी मला विचारलं, "पावणं, ही पोरगी इतकी वर्षं नेमकं करती तरी काय?"

सुजातानंच समजावलं. प्लेटलेट चिकटली की पांढरी पेशी आपल्याच आतले धागे बाहेर फेकून जाळं करते. जाळ्यात आणखी प्लेटलेट्स अडकतात, त्या बघून आणखी पांढऱ्या येतात.

"म्हंजे जखम न्हाय, तरी गर्दी?"

"व्हय."

"आन् त्या गर्दीनंच रस्ता बंद?"

"व्हय, बाबा."

बाबांनी कप खाली ठेवला. "मग ह्याला रक्त कशाला काढतीस? आमच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला ये की!"

*

शांत माणसं शेवटी सापडली गगनबावड्याला. तिथल्या एका आरोग्य शिबिरात ज्याचं रक्त बघावं त्याच्या प्लेटलेट्स गुण्यागोविंदानं सुट्या सुट्या फिरतायत! एका काकांना मी विचारलं, "तुम्ही लोक एवढे शांत कसे?"

काका म्हणाले, "एवढा पाऊस पडतोय, भांडायला बाहेर पडायचं कुणी?"

*

झालं, प्रबंध लिहून विद्यापीठात सादर झाला. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. मोठा माणूस, कपाळावर आठी. चहा आला तर बाजूला ठेवला, म्हणाले, "थंड होऊ द्या." आणि मग जे सुरू झाले! प्लेटलेट्स सुजेमुळं चिकटल्याच नाहीत, तुमच्या हाताळणीमुळं चिकटल्या. सुई चुकली, नळी हलवली, सगळं पुन्हा करा. पुन्हा! सुजाताचा चेहरा पांढराफटक. मला तर रडूच यायला लागलं, खरं सांगतो.

सुजाता उठली. "सर, आत्ता करून दाखवू?"

"दाखवा की. मी ठणठणीत आहे. माझंच रक्त घ्या."

तुलनेला माझं घेतलं. एकच हात, एकसारखी सुई. नळ्यांवर नावं परीक्षकांनी स्वतः घातली. रंग लावून काचपट्ट्या तयार केल्या. मग ते मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. माझं रक्त बघितलं: प्लेटलेट्स सुट्या सुट्या. त्यांचं बघितलं. बराच वेळ बघितलं. एकेका पांढऱ्या पेशीला प्लेटलेट्स मधमाश्यांसारख्या लगडलेल्या!

"अदलाबदल झालीय," ते म्हणाले.

"सर, नावं तुम्हीच घातलीत," सुजाता म्हणाली. मग खुर्ची त्यांच्याजवळ ओढून, आवाज उतरवून तिनं विचारलं, "सर, कुठं दुखतंय का?"

परीक्षकांनी पेन काढलं, कागद पुढ्यात ओढले आणि खाली सही केली. आमचे सर हात मिळवायला उठले, त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बॅग उचलून दारापर्यंत गेले आणि तिथनं वळले.

"डॉक्टर कांबळे," म्हणाले, "इथं जवळपास दातांचा दवाखाना कुठाय हो?"