ऑक्टोबरातली अढी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारा माणूस. सगळी नोकरी शाळेत फिजिक्स शिकवण्यात गेली. मुलांना सांगायचो, "कारण सापडत नाही म्हणजे कारण नाही असं नव्हे. आपण अजून नीट शोधलेलं नाही." आता मीच असलं काही लिहितोय हे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी वाचलं, तर पोट धरून हसतील... हसू देत.

गोष्ट रत्नागिरीची, ऐंशीनंतरच्या काही वर्षांतली. मांडवीला जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आत आमचं कौलारू घर. मागे-पुढे पडवी, वर माळा. मागच्या पडवीत आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, संडास बांधून घेतला होता. आईचे गुडघे गेलेले, पावसात घरामागच्या परड्याच्या टोकापर्यंत जाणं तिला जमेना, म्हणून. तेव्हा घरात संडास म्हणजे लोकांना फारच वाटायचं. "मग देवघर कुठं हलवलंस?" असं विचारायचे. आबा हसायचे फक्त. संडासाच्या टाकीतला गॅस बाहेर जावा म्हणून त्यांनी सिमेंटचा पाइप उभा माळ्यातून नेऊन कौलांबाहेर काढला होता.

आता आईबद्दल. मी शाळेत असताना तिला टायफॉईड झाला, त्यातून उठली ती नाक गमावूनच. वास म्हणून कळायचा नाही. दूध करपलं तरी शेजारणीने ओरडून सांगायचं. आणि वास नाही म्हणजे चवही नाही. दर मे महिन्यात आबा माळ्यावर पेंढ्यात हापूस पिकत घालायचे, अढी लावायचे. रोज दुपारी वर जाऊन एकेक आंबा देठाशी हुंगायचे आणि शिडीखाली उभ्या असलेल्या आईला सांगायचे, "आला गो वास! उजवा कोपरा तयार!" आई हात पसरून आंबा घ्यायची आणि मिटक्या मारत खायची. आबांनी सांगितलेला वासच ती खायची म्हणा ना.

आबा थंडीत गेले, झोपेतच. त्या वर्षी अढी लागली नाही. आईचं जेवणही सुटत गेलं. दोन घास घेतले की ताट सरकवायची. माझी बायको सुनंदा काय काय करून थकली. "उतरत नाय गो," एवढंच उत्तर. श्रावण येईतो पोलकं तिच्या अंगावर लोंबायला लागलं होतं. आबांच्या मागोमाग हीही चालली, हे आम्हा दोघांना कळत होतं, बोलत कोणीच नव्हतं.

नवरात्राच्या सुमारास एका दुपारी शाळेतून आलो तर आई माळ्यावर! सत्तरीची, गुडघे गेलेली बाई, एका हाताने शिडीचं टोक धरलेलं, दुसऱ्या हातात रॉकेलची पेटती चिमणी... माळ्यावर दिवसाही अंधारच असायचा.

"आये, आधी खाली ये! पडलीस म्हणजे?"

"वास येतोय रे," ती म्हणाली. "आंब्याचा."

"ऑक्टोबरात? आणि तुला?"

"मला."

खाली उतरली आणि तिने सुनंदाकडे जेवायला मागितलं. आमटी-भात खाल्ला, वर लोणचं. म्हणाली, "लोणच्यात हिंग जास्त झालाय हां." सुनंदा माझ्याकडे बघतच राहिली. कित्येक वर्षांत आईने हिंगाचं नाव घेतलं नव्हतं.

मग रोजचंच झालं. दुपारी माळा, उतरली की पोटभर जेवण. शेवटी मी वर जाऊन पाहिलं. वानरांनी कौलांवर उड्या मारून पाइप हलवला होता. वरचा तुकडा सांध्यातून निसटून बाजूला कलला होता, मध्ये चांगली वीतभर फट. मला आधी आश्चर्य वाटलं ते घाण येत नसल्याचं. टाकीचा सगळा गॅस माळ्यावर येत असणार, मग घरात वास कसा नाही? मी वाकून त्या फटीला नाक लावलं.

हापूस. पेंढ्यातला, देठाजवळचा, जरासा चिकाचा वास.

अंगावर काटा आला. भीती मात्र वाटली नाही, रडू आलं. आबा गेले तेव्हा धावपळीत मी रडलोच नव्हतो, ते तिथे पाइपाशी बसून रडलो.

पण वास कसलाही येवो, टाकीतला गॅस पेटतो हे मीच मुलांना शिकवत होतो. आणि आई चिमणी घेऊन त्या फटीशी बसायची. बॅटरी आणून दिली, तरी सवयीने चिमणीच उचलायची. एक दिवस भडका उडाला तर? मी गजा प्लंबरला बोलावलं. तो वर गेला आणि डोकं खाजवायला लागला. "मास्तर, इतके दिवस उघडा होता? मग घाण कशी नाय?" मी बॅटरीचा झोत सांध्यावर धरला. त्याने पाइप बसवला, सांधा सिमेंटने भरला. आई खाली शिडी धरून उभी होती.

त्या दिवसापासून वास गेला. हिंगही गेला. ताट पुन्हा सरकू लागलं. आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माळ्यावर जाऊन बसायची आणि उतरायची.

दिवाळीत तिने चकलीचा तुकडा मोडला आणि तसाच खाली ठेवला. मला ते बघवेना. भाऊबिजेच्या दुपारी छिन्नी-हातोडी घेऊन वर गेलो. आईला बजावलं, चिमणी आणायची नाही, खालीच थांब. सांधा फोडला, पाइप सरकवला...

घाण. डोळ्यांतून पाणी काढणारी घाण. पहिल्या दिवसापासून जी यायला हवी होती, ती. मी रुमाल नाकावर दाबला.

आई शिडीखाली उभी होती, तोंड वर करून, आबांच्या वेळी राहायची तशीच.

"आला काय रे वास?"

"आला गो आये," मी म्हणालो. "उजवा कोपरा तयार."

तिने कपाळावर हात आडवा धरून वर पाहिलं.

"मग रुमाल कशाला लावलायस नाकाला?"

मी रुमाल खिशात कोंबला.

"जोड तो पाइप. सुनंदाला त्रास होईल," ती म्हणाली. "अढी एकदाच पिकते रे. ये खाली, मी वाढते तुला."

त्या दुपारी ती माझ्याबरोबर जेवायला बसली. चव नव्हतीच, माझ्याकडे बघून एकेक घास घेत होती. पण ताट सरकवलं नाही. पुढच्या मे महिन्यात मी अढी लावली आणि वरून ओरडून सांगितलं, तिने हात पसरले. पुढे बरीच वर्षं जगली.

गजाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. तिला हिंग कसा कळला, त्याचंही नाही. शोधायचं म्हटलं तर कुठे शोधणार, तेही कळत नाही. आता तीही नाही. पण ऑक्टोबरात कधी माळ्यावर चढायची वेळ आली, की रुमाल मी खालीच ठेवून जातो.