डिझेलात धुतलेला क्रॉस

"पानी आनखी खाली गेलं, दादा. गाडी कवा आनतोस?"

धाकट्या भावाचा हा फोन त्या आठवड्यात रोज सकाळी यायचा आणि रोज सकाळी माझं डोकं फिरायचं. कारण जीप माझ्याकडे होती, सोलापुरात.

आमचं गाव उजनीच्या पाण्याकाठी. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटतं तशी काठावरची पंपाची मोटार पाण्याच्या मागोमाग खाली ओढत न्यावी लागते. नाही नेली तर पाइपातून नुसती हवा येते आणि केळी माना टाकतात. मधे असतो गाळ. वरून वाळलेला दिसतो, आत गुडघाभर. ट्रॅक्टर त्यात घालायला कुणी धजत नाही. शेजाऱ्याचा एकदा असा रुतला की त्याला काढायला आलेला दुसराही रुतून बसला. आमची जुनी जीप हलकी आणि चारही चाकांनी ओढणारी, ती तेवढी जाते. जीप दोघा भावांची, पण राबते त्याच्याकडे. यंदा मी हट्टाने म्हणालो, महिनाभर मला सोलापुरात हवी. कशाला? सात रस्ता चौकाच्या गर्दीत छोट्या गाड्यांकडे वरून बघायला. दुसरं कारण मला आजही सापडलेलं नाही.

महिना संपायच्या आत तिने कुरकुर सुरू केली. क्लच सोडला की पोटाखालून टण्ण. वेग घेतला की घरघर, आणि सीटमधून पाठीला मुंग्या. मी खाली शिरून मागचा प्रोपेलर शाफ्ट हलवून बघितला. म्हणजे गिअरकडची ताकद मागच्या चाकांकडे नेणारी ती लांब लोखंडी नळी. तिच्या टोकाशी अधिकच्या चिन्हासारखा एक तुकडा असतो, त्याला क्रॉस म्हणतात. तो म्हाताऱ्याच्या दातासारखा हलत होता.

"गॅरेजला टाक," भाऊ फोनवर म्हणाला.

"अरे, क्रॉसच तर बदलायचाय. मी घरी बदलतो."

पलीकडून एकच शब्द, "तू?"

त्या 'तू'ने घात केला. आमच्या घरात माझ्या हातांची ख्याती आहे. मी ठोकलेला खिळा भिंतीत राहत नाही आणि मी बांधलेली म्हैस दावणीला राहत नाही. मला शिकवलं ते हुशार म्हणून नाही, शेतात माझी अडगळ होत होती म्हणून, असं हा चारचौघांत सांगतो आणि लोक हसतात. मीही हसतो. पण त्या दिवशी नाही हसलो. फोन ठेवला आणि थेट दुकानात जाऊन क्रॉस घेऊन आलो.

रविवारी सकाळी घरापुढे जीप विटांवर चढवली. मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस इतका शांत होता की मला त्याचाच राग आला. त्याची नखंसुद्धा स्वच्छ होती.

शाफ्ट निघाला. जुना क्रॉस निघाला, पण शिव्या खाऊन. शेजारचे अप्पा खुर्ची टाकून बसले होते. मूळचे अक्कलकोटकडचे, निवृत्त, आणि दुसऱ्याच्या कामावर देखरेख करायची दांडगी हौस.

"जोडायलात का मोडायलात?"

"अप्पा, पेपर वाचा."

"पेपर झाला की वाचून. आता हेच हाय."

आता माझा पराक्रम ऐका. नव्या क्रॉसच्या चार टोकांवर चार टोप्या असतात. प्रत्येक टोपीत बारीक लोखंडी सुया, कडेकडेने उभ्या रांगेत. आणि आत भरलेलं पिवळट, चिकट ग्रीस. मला वाटलं, कारखान्यातली घाण. नवी वस्तू आणि ही अवस्था! वाटीत डिझेल घेतलं आणि चारही टोप्या आतून बोट फिरवून अशा लख्ख केल्या की त्यात चहा पिता आला असता. सुया बाहेर आल्या त्याही धुतल्या, पुसल्या. मग परत उभ्या करायला बसलो. एक उभी केली की दुसरी पडायची. दुसरी उभी केली की अप्पा खोकायचे आणि सगळ्या पडायच्या. ती घाणच सुयांना धरून ठेवते, हे माझ्या पदवीधर टाळक्यात एकदाही आलं नाही.

कशाबशा सुया उभ्या केलेली टोपी बसवली आणि हातोडीने आत मारली. निम्म्यावर अडली. जोरात मारली. आणखी जोरात. आत एक सुई आडवी पडली होती, म्हणून ती अडत होती. पण मला वाटलं, ही टोपीसुद्धा मला 'तू?' विचारतेय. मग मी टोपीला मारत नव्हतो.

बायको दारात येऊन उभी राहिली. "अहो, राग गाडीवर आहे का भावजींवर?"

"तू आत जा."

"आतच होते. आवाज आत येतोय."

शेवटचा घाव घातला आणि आत कर्र झालं. क्रॉस जागच्या जागी जाम. इकडे फिरेना, तिकडे फिरेना. नवा कोरा क्रॉस, एक किलोमीटरही न चालता, माझ्या हातून मेला. मी हातोडी अशी भिरकावली की अप्पांनी खुर्ची उचलून आत नेली.

दुपारी फाटक वाजलं. भाऊ. एसटीने आलेला, डोक्याला टॉवेल, हातात पिशवी. रामराम नाही, पाणी नाही. जाम झालेला क्रॉस उचलून बघितला, खाली ठेवला. पिशवीतून खोकं काढलं. टेंभुर्णीहून आणलेला नवा क्रॉस, वर ग्रीसचा डबा.

मी त्याला काहीही कळवलं नव्हतं.

"हे कधी घेतलंस?"

"तू घरी करतो म्हनलास, तवाच."

माणूस चुकीचं बोलला तर एवढा राग येत नाही. हा बरोबर निघाला होता आणि तेही आगाऊ.

त्याने टोप्यांत आणखी ग्रीस भरलं, सुया चिकटवल्या, शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडे जाऊन व्हाइसच्या पकडीत दाबून क्रॉस बसवून आणला. मला फक्त पाना धरायला सांगितला, तोही उलटा धरला म्हणून काढून घेतला. शाफ्ट चढला. जीप विटांवरून उतरवायला तो आत बसला आणि थांबला.

"दादा, हा बारका दांडा कोनी वडला?"

गिअरशेजारचा छोटा दांडा. तो ओढला की पुढची चाकंही ओढायला लागतात.

"मीच. महिनाभर तसाच आहे. चार चाकं ओढणारी असताना दोनच का वापरायची?"

तो खाली उतरला. इतका चिडलेला तो मला आमच्या वाटणीच्या वेळीही दिसला नव्हता.

"आरं, चिखलात चाक घसरतंय, म्हून निभतंय. डांबरावर घसरंल कुटं? आतल्या आत पीळ पडतोय, तो क्रॉसवर येतोय. मला वाटलं गाडी म्हातारी झाली. तू पिळून काढलास की तिला!"

"मग सांगायचं नाही?"

"इचारलंस कवा?"

"गाडी निम्मी माझी आहे!"

"व्हय ना? मग चिखलबी निम्मा तुजाच. बस गाडीत."

बसलो. काय करणार? टेंभुर्णीपर्यंत गाडी त्याने चालवली आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो. केळीच्या कडेने उतरताना मात्र बघवलं नाही. पानं फाटक्या छत्रीसारखी लोंबत होती.

त्याला मोटारीबरोबर पाइप आणि वायर सांभाळत चालायचं होतं, म्हणून स्टिअरिंग माझ्याकडे आलं. मोटारीला बांधलेला दोर ताणला. जीप गाळात शिरली, डावीकडे कलली, मागून शिव्यांचा पट्टा सुरू झाला. "हळू! आरं हळू! म्हैस हाकतोस का?" मीही खिडकीतून ओरडत होतो, काय ते आता आठवत नाही, पण आई एकच असल्याने काही शिव्या देता येईनात. नवा क्रॉस मात्र गप्प होता. टण्ण नाही, घरघर नाही.

मोटार पाण्यात बसली. त्याने बटण दाबलं. पाइप खोकला, मग गढूळ पाणी, मग धार. तो धारेमागे केळीत शिरला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा हात पुढे केला.

"चावी."

"निम्मी..."

"पान्याचं बघू, मग बोलू. चावी दे."

दिली. स्टँडवर सोडतो म्हणाला, नको म्हणालो. गुडघ्यापर्यंत गाळ घेऊन रस्त्यापर्यंत त्याला शिव्या देत चालत गेलो. सोलापूरच्या गाडीत चढलो तर कंडक्टरने आपादमस्तक बघून घेतलं. म्हणाला, "सीटवर बसू नका. दाराशी उभं राहा."

सोलापूर येईपर्यंत उभा होतो.