सांभाळून घेणारं फंक्शन

माझ्या प्रोग्रॅमबद्दल गिऱ्हाइकांची एकच तक्रार असते, "बाई, तुमचं हे फार ओरडतं हो!" ओरडतंच. प्रिंटरची वायर निघाली की ओरडतं. कोणी वजनाच्या जागी नाव टाकलं की ओरडतं, आणि चूक सुधारेपर्यंत पुढचं काम अडवून बसतं. एक गोडाऊनवाला मला म्हणाला होता, "जरा गप करा ना त्याला. लोकांसमोर इज्जत जाते." मी म्हटलं, "जाऊ दे शेठ. इज्जत परत येते, हात परत येत नाही." त्याला काय माहीत, मी कुठला हात म्हणतेय!

दोन हजार चार-पाचचा सुमार. मी खारबावहून टमटमने भिवंडीत यायचे. एसटी स्टँडच्या मागे आमच्या सरांचं ऑफिस होतं. पुढच्या खोलीत कम्प्युटरचा क्लास आणि मागच्या खोलीत मी आणि सर. आम्ही सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगवाल्यांना, गोडाऊनवाल्यांना प्रोग्रॅम लिहून द्यायचो. भिंतीपलीकडे लूमचा कारखाना होता. त्या खडखडाटात एकमेकांशी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे. मला ते सोपं गेलं, माझा आवाज मुळातच मोठा. आई म्हणायची, हिला सासरी कोण ठेवून घेणार?

प्रोग्रॅम चालताना काहीही बिनसू शकतं. वायर निघते, डिस्क भरते, आकड्याच्या जागी भलतंच काही येतं. ह्याला एरर म्हणतात. एरर आली की काय करायचं हे प्रत्येक ठिकाणी पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा, म्हणून त्यासाठी एक छोटं फंक्शन वेगळं लिहून ठेवतात. हेल्पर. कुठेही बिनसलं की त्यालाच हाक मारायची. हेल्पर नीट असेल तर तो काम थांबवतो आणि काय झालं ते सांगतो. पण तो लिहिणाऱ्याच्या स्वभावावर जातो. सरांना फंक्शनला मराठी नावं द्यायची हौस होती आणि त्यांच्या हेल्परचं नाव होतं 'सांभाळून घे'. एरर आली की हा ती गिळायचा आणि प्रोग्रॅमच्या हातात शेवटचं बरं उत्तर ठेवून द्यायचा. गिऱ्हाइकाला पत्तासुद्धा लागायचा नाही.

पहिल्यापासून तो तसा नव्हता. तो तसा झाला कशेळीकडच्या एका वजनकाट्यामुळे. काट्याचे मालक आमच्याच बाजूचे, मी त्यांना काका म्हणायचे. भाताची जमीन गोडाऊनला गेली आणि रस्त्याला लागून उरलेल्या तुकड्यावर त्यांनी ट्रक तोलायचा काटा टाकला. ट्रक लोखंडी प्लॅटफॉर्मवर चढला की वजन आधी इंडिकेटर नावाच्या डब्यावर दिसायचं. तिथून एका वायरने आमच्या कम्प्युटरवर यायचं. कम्प्युटरची स्क्रीन काकांनी मुद्दाम खिडकीकडे वळवली होती, म्हणजे ड्रायव्हरला वाटावं की सगळं उघड आहे. इंडिकेटर मागे फळीवर देवाच्या तसबिरीशेजारी. त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून त्यांनी फडकं टाकून ठेवलं होतं. स्क्रीनवर दिसतंय की, मग डब्याकडे कशाला बघा!

सुरुवातीलाच एकदा स्क्रीनवर एररची चौकट आली आणि प्रोग्रॅम बंद पडला. खिडकीतल्या ड्रायव्हरला इंग्रजी वाचता आलं नाही, पण चौकट दिसली. त्याने बोंब ठोकली, "कांटा मारता है!" आता काटेवाल्याला आईबहिणीवरून शिव्या द्या, एक वेळ चालेल, पण 'काटा मारतो' म्हणू नका. रांगेतले सगळे ड्रायव्हर उतरले. काचेवर दगड आले, आणि एक दगड काकांच्या भुवईवर आला. टाके घातलेली भुवई घेऊन काका दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात आले आणि सरांच्या टेबलावर त्यांनी अशी मूठ आपटली की चहाचा ग्लास खाली पडून फुटला.

"ती चौकट परत दिसली ना मास्तर, तर तुझा कम्पुटर खाडीत टाकीन, आन् मंग तुला टाकीन. माझ्या काट्यावर चूक दिसाला न्हाय पायजे!"

चूक व्हायला नको, असं नाही म्हणाले ते. दिसायला नको म्हणाले. सरांनी त्याच दिवशी हेल्पर बदलला.

मी वाचलं आणि माझं डोकं फिरलं. "सर, वायर निघाली तर हा काय दाखवणार?"

"मागचं वजन. अगं, वायर हलते, सेकंदभरात परत लागते. तेवढ्यापुरतं सांभाळून घ्यायचं."

"आणि नाही लागली तर? पुढच्या गाडीला मागच्या गाडीचं वजन?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची. तू टाइप कर."

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, सर!"

सरांनी डस्टर फेकून मारलं. माझ्या खांद्याला लागलं. मी तेच उचलून परत फेकलं, ते ट्यूबलाइटला लागलं. मग दोघंही खाली बसून काचा वेचत होतो आणि वेचता वेचता भांडत होतो. सर जिंकले, कारण ऑफिस त्यांचं होतं. तो हेल्पर काट्यावर बसला आणि महिनोन्महिने गुण्यागोविंदाने नांदला. काका खूश, सर खूश. काट्यावर म्हणे एररच येत नाही!

मे महिना होता, भर दुपार. काट्यावरचा प्रिंटर कागद खातोय म्हणून सरांनी मला पाठवलं. रस्ता ट्रकने तुंबला होता, म्हणून मी टमटम सोडून चालत निघाले. काटा दिसायच्या आधीच मला किंचाळणं ऐकू आलं. माणूस असं किंचाळतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

काट्यावर सुताच्या गोण्यांनी भरलेला ट्रक उभा होता. खाली ड्रायव्हर, चाळिशीचा, उत्तर प्रदेशातला, बनियनवर. ज्या शेठचं सूत होतं त्याचा माणूस मोटरसायकलवर मागून आला होता आणि त्याच्याबरोबर दोन दांडगे हमाल होते. माल भरला तिथल्या काट्यावर वजन सोळा टन तीनशे चाळीस भरलं होतं आणि इथे स्क्रीनवर चौदा टन आलं. दोन टन सूत वाटेत विकलं, असा त्यांचा हिशोब. हमालांनी ड्रायव्हरला धरलं होतं आणि त्याचा डावा हात, गियरचा हात, ट्रकच्या दाराच्या फटीत घातला होता.

"बोल, माल किधर उतारा?"

"साब, दुबारा तौल लो. एक बार दुबारा तौल लो, साब."

शेठच्या माणसाने दार आपटलं.

मी धावले. "अहो, सोडा त्याला! मेल्यांनो, माणूस आहे तो!" एका हमालाने मला छातीवर हात ठेवून ढकललं. मी केबिनच्या भिंतीवर आपटले आणि माझं कपाळ फुटलं. रांगेतले ड्रायव्हर खाली उतरून बघत उभे होते. चोराच्या बाजूने कोण बोलणार? "दुबारा तौल लो," तो पुन्हा म्हणाला. दार पुन्हा आपटलं. आवाज दाराचा नव्हता आला. मला तो आवाज अजून येतो, कोणी ओली काटकी मोडली तरी येतो.

काका केबिनमध्ये कम्प्युटरसमोर बसले होते. चेहरा पांढरा, पण जागचे हलत नव्हते. मी आत शिरले आणि त्यांच्या अंगावर ओरडले, "काका, गाडी परत तोला की! तो एवढा ओरडतोय!"

"परत कशाला तोलाची? माझा काटा बरोबर हाय. हीच बघ ना," त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं, "चौदा टन दोनशे दहा. आदीची गाडीबी तेवढीच भरली, ती काय खोटी होती?"

"आधीची पण चौदा दोनशे दहा?"

"हां. तीबी तेवढीच."

"दहा किलोसुद्धा इकडेतिकडे नाही?"

काका माझ्याकडे बघायला लागले. मी खुर्चीवर चढले आणि इंडिकेटरवरचं फडकं ओढलं. देवाची तसबीर खाली पडली, काचेचा चक्काचूर झाला. ट्रक अजून प्लॅटफॉर्मवरच उभा होता. डब्यावर लाल आकडे जळत होते: सोळा टन तीनशे तीस. माल भरल्यापासून दहा किलो कमी. तेवढं डिझेल जळलं असेल. आणि डब्याच्या मागे आमच्या कम्प्युटरची वायर सुटून लोंबत होती. ट्रक चढले-उतरले की सगळी केबिन हादरायची, त्यात ती कधीतरी निघाली होती.

मी ती वायर हातात धरून खिडकीतून बाहेर वाकले आणि माझा तो सासरी न खपणारा आवाज लावला. "छोड दो उसको! माल पूरा है! ये देखो तार, मेरे हाथ में है, और ये स्क्रीन अभी भी चौदा टन बता रही है! पहलेवाली गाडी का वजन है!"

हमालांनी हात सोडला. ड्रायव्हर चाकापाशी बसला आणि आपला हात मांडीवर ठेवून बघायला लागला. बोटं कुठल्याही दिशेला गेली होती. शेठचा माणूस मोटरसायकलवर टांग टाकून कधी सटकला, कोणाला कळलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारा पसार!

मग गर्दीतून ते शब्द आले, ज्यांच्या भीतीने हे सगळं झालं होतं. "कांटा मारता है साला!" आधी काच फुटली. मग दार फुटलं. दोघांनी काकांना कॉलर धरून बाहेर ओढलं. त्यांची जुनी भुवई पुन्हा फुटली, तोंडातून रक्त आलं, आणि काका मार खात ओरडत होते, "मना म्हाईत न्हवता! देवाची शपथ, मना म्हाईत न्हवता!" खरंच होतं ते. त्यांना माहीत होऊ नये अशीच तर व्यवस्था केली होती.

त्या धुमाकुळात टेबलावरचा फोन वाजला. सर होते. लूमचा खडखडाट मागे चालूच.

"झाला का गं प्रिंटर?"

मी किंचाळत सगळं सांगितलं. मग सर म्हणाले, "हे बघ, प्रोग्रॅमचं नाव कोणाकडे घेऊ नकोस. व्होल्टेज गेलं होतं म्हण. तेवढं सांभाळून घे."

मी रिसीव्हर टेबलावर आपटला. तो फुटेपर्यंत आपटला. मग मॉनिटर उचलला. चौदा टन दोनशे दहा अजून त्याच्यावर होतंच, निर्लज्ज! तो खिडकीच्या फुटक्या चौकटीतून बाहेर फेकला. पडताना फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि बाहेरचे सगळे एकदम थांबले. मारणारेसुद्धा. त्या शांततेत मी म्हटलं, "आता कोणीतरी ह्या ड्रायव्हरला दवाखान्यात न्या रे."

काकांनीच नेलं. तोंडातलं रक्त पुसत त्यांनी जीप काढली. मी मागे ड्रायव्हरजवळ बसले. माझी ओढणी त्याच्या हाताला गुंडाळली होती, खाडीचा पूल येईपर्यंत ती भिजून जड झाली. काका एकदाही मागे वळून बघू शकले नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं, दोन बोटं काढावी लागतील, तिसऱ्याचं बघू. ड्रायव्हरने विचारलं, गियर पडेल का? डॉक्टर म्हणाले, आधी जखम भरू दे. म्हणजे नाही. हे त्यालाही कळलं.

त्याला आत घ्यायला वेळ होता. काका बाहेर बाकावर डोकं धरून बसले होते. मी खाटेपाशी उभी होते, कपाळ ठणकत होतं, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. तो म्हणाला, "मैडम, आप मशीन का काम जानती हो. एक बात बताओ. मशीन को मालूम था? कि तार निकला है?"

काय सांगणार होते मी? व्होल्टेज?

"मालूम था," मी म्हटलं. "पहले से मालूम था. उसको बोलने नहीं दिया."

त्याने मान हलवली. रागावला नाही, शिवी दिली नाही. बँडेजमधला तो हात छातीवर घेतला आणि कुशीवर वळला.

"चलो, मशीन को तो बोलने नहीं दिया," तो म्हणाला. "मैं तो बोल रहा था."